चुकांची वही आणि गोव्यातले लघुउद्योग

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील लघु व मध्यम उद्योगांच्या अडचणींविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून जे प्रसिद्ध होते ते मी नेमाने वाचतो. वीज मध्येच जाते, औद्योगिक वसाहतींतले रस्ते पावसाळ्यात नीट राहत नाहीत, कामगार टिकत नाहीत, बँक तारणाशिवाय बोलत नाही, ही गाऱ्हाणी खरी आहेत आणि त्यांतली बहुतेक माझीही आहेत. मात्र या यादीत एक गोष्ट मला कधीच दिसली नाही. आपले छोटे उद्योग स्वतःच्या अनुभवातून शिकतात का, आणि शिकत असतील तर ते शिकलेले कोठे साठवतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वीज आणि रस्ता सरकारकडे मागता येतो, हे मागता येत नाही, म्हणूनही तसे होत असेल.

माझा अधिकार एवढाच, की मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. एकोणीस वर्षे मी एका औषधनिर्मिती कारखान्याच्या गुणवत्ता विभागात होतो आणि त्यानंतर सत्तरी तालुक्यातला वडिलोपार्जित काजूचा छोटा कारखाना सांभाळायला घरी परतलो. पहिल्या ठिकाणी प्रत्येक चुकीचा कागद होत असे. दुसऱ्या ठिकाणी कशाचाच कागद नव्हता. परतताना मला वाटले होते की पहिल्या ठिकाणची शिस्त दुसरीकडे नेली की झाले. प्रत्यक्षात तसे झाले नाही, आणि का झाले नाही हेच या पत्रातून सांगायचे आहे.

औषधाच्या कारखान्यात ठरलेल्या पद्धतीपासून रेसभर ढळले तरी त्याची ‘डेव्हिएशन’ म्हणून नोंद करावी लागते, कारण शोधावे लागते, उपाय लिहावा लागतो आणि त्यावर तीन-चार सह्या होतात. व्यवस्था उत्तम आहे. तथापि आमच्या विभागात त्या नोंदींच्या फायली चाळल्या, तर कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच उत्तर सापडे, ‘मानवी चूक’, आणि उपायाच्या रकान्यात ‘संबंधित कामगारास पुनर्प्रशिक्षण दिले’. कामगाराची सही घेतली जाई, फाईल बंद होई, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या कामगाराकडून तीच चूक होई. मीसुद्धा अशा पुष्कळ फायली बंद केल्या आहेत. माप वाचायचा काटाच अशा उंचीवर बसवला आहे की ठेंगण्या माणसाला तो तिरपा दिसतो, हे एकदा एका हेल्परने सांगितले. त्याआधी त्या काट्याखाली कितीजणांचे पुनर्प्रशिक्षण झाले होते, याचा हिशेब कोणी केला नाही.

ख्रिस अर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली चूक दुरुस्त करणे आणि चुकीमागचा नियम तपासणे यांतला फरक नेमक्या शब्दांत मांडला होता. खोलीचे तापमान ठरलेल्या अंशाखाली गेले की यंत्र गरम हवा सोडते आणि वर गेले की बंद करते, हे शिकणे एका फेऱ्याचे. मुळात हाच अंश का ठरवला, असे विचारणे म्हणजे दुसरा फेरा. बहुतेक संस्था पहिल्या फेऱ्यात चोख असतात आणि दुसऱ्या फेऱ्याला बिचकतात, कारण तिथे चूक कामगाराची राहत नाही, नियम करणाऱ्याची होते. कागद भरपूर असूनही न शिकणे कसे शक्य असते, हे मला तेव्हा कळले असते तर बरे झाले असते.

आता काजूकडे वळतो. कच्ची बी वाफेवर उकडल्यानंतर लगेच कापत नाहीत, ती पसरून थंड करतात, म्हणजे साल कडक होते आणि आतला गर सालीपासून मोकळा होऊ लागतो. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून नियम होता, ‘आज उकडायची, उद्या सकाळी कापायची’. कापणीच्या टेबलावर दोघी बसतात, एक पात्याखाली बी धरून कापते आणि दुसरी सुईने गर मोकळा करते. या दोघींच्या हातांवर कारखान्याचा नफा ठरतो, कारण काजूच्या बाजारात अख्ख्या गराचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा आणि तुकड्याचा त्याहून बराच खाली. अख्ख्यातही प्रत असते. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस गर भरणारा माल, ‘डब्ल्यू २४०’ म्हणजे दोनशे वीस ते दोनशे चाळीस. कच्ची बी एकाच भावाने घेतलेली असते, तेव्हा फुटलेल्या प्रत्येक गराबरोबर आमचे पैसेही फुटतात.

दर पावसाळ्यात आमच्याकडे तुकडा वाढायचा. वडिलांच्या काळी वाढायचा आणि माझ्याही पहिल्या दोन वर्षांत वाढला. त्यावर आमचा उपाय ठरलेला होता, कापणाऱ्या बायकांना बोलणे. औषधाच्या कारखान्यातून आलेल्या माणसाने त्यात एवढीच भर घातली की बोलण्यापूर्वी मी वही केली, कोणाच्या टेबलावर किती तुकडा निघाला ते रोज लिहू लागलो आणि महिनाअखेरीस ज्यांचा आकडा मोठा त्यांना समज देऊ लागलो. वही आली तरी फेरा पहिलाच होता. बायकांनीही तो लगेच ओळखला. तुकड्यातला काही भाग कचऱ्याच्या सालींत जाऊ लागला आणि वहीतले आकडे सुधारले. हे मला फार उशिरा, सालींची पोती उचलणाऱ्या टेम्पोवाल्याकडून समजले.

त्यानंतर मी टेबलांची नावे वहीतून काढून टाकली आणि त्याऐवजी बी कधी उकडली, कधी कापली, पोते कोणत्या गावचे आणि बाहेर पाऊस होता की ऊन, एवढेच लिहू लागलो. आमच्याकडे पंचवीस वर्षे कापणीवर असलेल्या एक वयस्क बाई आहेत, त्यांना सगळे मावशी म्हणतात. वहीत काय लिहितो असे त्यांनी विचारले, मी सांगितले, आणि त्या म्हणाल्या की पावसात एका रात्रीने बी तयार होत नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. मूठभर बी हातात घेऊन हलवली की आवाजावरून त्यांना ते कळते. ओलसर साल पात्याखाली तडकत नाही, दबते, आणि तिच्याबरोबर आतला गरही दुखावतो. मग इतकी वर्षे सांगितले का नाही, असे मी विचारले. त्यांचे उत्तर होते, “कोणी विचारलेच नाही. आणि सकाळी बी कापायची, हा तुमच्या बाबांचा नियम.”

आम्ही नियम बदलला. पावसाळ्यात उकडलेली बी किती काळ पसरून ठेवायची हे आता घड्याळ ठरवत नाही, मावशी ठरवतात. त्यांच्या शेजारी बसून दोन तरुण मुली तो आवाज ओळखायला शिकल्या आहेत. वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. आपल्या डोंगरांवरची जुनी काजूची झाडे बहुतेक बीपासून वाढलेली आहेत, कलमी नव्हेत, त्यामुळे एकाच पोत्यात लहान-मोठी बी मिसळलेली असते आणि एका मापावर लावलेल्या पात्याला ती सगळी मानवत नाही. आता कापणीपूर्वी आम्ही बी चाळणीने आकारवार वेगळी करतो. मोठ्या कारखान्यांत हे पूर्वीपासून होते, म्हणजे जगाच्या दृष्टीने यात नावीन्य काही नाही, पण आमच्या शेडच्या दृष्टीने हा नवा शोध होता, आणि छोट्या उद्योगातले नावीन्य बहुधा याच मापाचे असते असे माझे मत आहे. पेटंटच्या भाषेत ते बसत नाही, म्हणून ते कोणत्याच अहवालात येत नाही.

मावशींच्या हाताला जे ठाऊक होते ते कागदावर कसे आणायचे, हा प्रश्न जुना आहे. जपानमधील मात्सुशिता कंपनी १९८०च्या दशकात घरगुती पाव भाजण्याचे यंत्र तयार करत होती, तेव्हा यंत्रातला पाव वरून करपे आणि आत कच्चा राही. कंपनीतील इकुको तनाका या तरुण संगणकतज्ज्ञ महिला ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकाऊ म्हणून राहिल्या, आणि तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पिळतोही, हे त्यांच्या लक्षात आले. त्या पाववाल्याला स्वतःला ते सांगता आले नव्हते. यंत्रात आतून उंचवटे बसवून तो पीळ आणला गेला आणि १९८७ साली ते यंत्र बाजारात उतरले. हे वाचताना मला आपल्या गावचा पोदेर, म्हणजे पाववाला, आठवतो. माडाच्या सुरेवर पीठ फुगवण्याची त्याची विद्या यीस्टच्या पुडीपुढे हरली, असे आपण हळहळून म्हणतो, परंतु ती विद्या कोणी त्याच्या शेजारी बसून उतरवून घेतली का, हे विचारत नाही. काजूचे झाडच पाहा. ते पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलमधून सोळाव्या शतकात आले, फेणीची विद्या मात्र इथल्या भट्ट्यांवर घडली. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला खरा, पण निर्देशांक नावाचे रक्षण करतो, भट्टीवाल्याच्या हातातले कसब पुढच्या पिढीत नेणे त्याच्या कामात येत नाही.

संस्थेचे शिकणे, नावीन्य आणि कामगिरी यांचा संबंध दाखवणारे पुष्कळ अभ्यास व्यवस्थापनशास्त्रात आहेत, आणि त्यांचा सर्वसाधारण सूर असा की शिकण्याचा लाभ बराचसा नावीन्याच्या वाटेने नफ्यापर्यंत पोहोचतो. माझा अनुभव त्याच्या विरुद्ध नाही. तरीही अशा अभ्यासांपैकी बहुतेकांत मालकाला किंवा व्यवस्थापकाला प्रश्नावली दिलेली असते, आणि आपली संस्था किती शिकते व आपली कामगिरी कशी आहे या दोन्ही प्रश्नांना तोच माणूस गुण देतो. ज्याला आपला कारखाना आवडतो तो दोन्हीकडे चांगले गुण देणार. माझ्या पहिल्या वहीच्या काळात मला कोणी ती प्रश्नावली दिली असती, तर मीही शिकण्याच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण घेतले असते, आणि तुकडा तेव्हा सालीच्या पोत्यांतून बाहेर जात होता.

‘लघु व मध्यम’ हा शब्दही फार सैल आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार सूक्ष्म उद्योगाची उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत, लघुउद्योगाची १०० कोटींपर्यंत आणि मध्यम उद्योगाची ५०० कोटींपर्यंत असू शकते. वेर्ण्यातला शंभर कोटींच्या आसपासचा सुटे भागांचा कारखाना आणि सत्तरीतली चौदा बायकांची शेड यांना एकच सल्ला देणारी भाषणे आपण ऐकतो. त्या कारखान्यात प्रशिक्षण अधिकारी असतो, इथे शिकवणारी मावशी रजेवर गेली की शाळा बंद.

यंत्रांचेही तसेच. अनुदानातून यंत्र येते, उद्घाटनाचा फोटो निघतो, आणि पहिला बिघाड झाला की त्यावर ताडपत्री चढते. असे ताडपत्रीखालचे स्वयंचलित कटिंग मशीन मी माझ्याच एका परिचिताकडे पाहिले आहे. यंत्र वाईट नव्हते. मिसळलेल्या आकाराच्या बियांना त्याचे पाते लावायचे कसे, हे समजून घेण्याइतके ज्ञान शेडमध्ये आधीपासून कोणाकडे नव्हते. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेविंथल यांनी १९९० साली मांडले की बाहेरचे ज्ञान संस्था किती पचवू शकेल हे तिच्याजवळ त्या विषयाचे आधीचे ज्ञान किती आहे यावर ठरते. आमच्याकडे म्हणतात तसे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

शिकलेले टिकत नाही, ही याहून मोठी अडचण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधल्या गेलेल्या लिबर्टी जहाजांच्या गोद्यांचा अभ्यास लिंडा अर्गोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केला. कामातून कमावलेले ज्ञान त्या गोद्यांत झपाट्याने विरत होते, असे त्यांना आढळले. त्यातला दुसरा निष्कर्ष मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. उशिरा सुरू झालेल्या गोद्यांनी आरंभाला आधीच्या गोद्यांच्या अनुभवाचा लाभ घेतला, परंतु एकदा काम सुरू झाल्यावर एकीचे शिकणे दुसरीपर्यंत पोहोचले नाही. आपल्या वसाहतींचे याहून वेगळे काय आहे? १९६५च्या कायद्याने औद्योगिक विकास महामंडळ झाले आणि कुंडई, पिळर्ण, थिवी, वेर्णा अशा वसाहतींत कारखाने भिंतीला भिंत लावून उभे राहिले. भिंतीपलीकडच्याने बॉयलरच्या पाण्याचा क्षार कसा आटोक्यात आणला हे मात्र आपल्याला ठाऊक नसते. काजूवाल्याला काजूवाल्यापासून लपवावेसे वाटणे समजू शकते, खोके बनवणाऱ्याने काजूवाल्यापासून काय लपवायचे?

गोव्यात ज्ञान विरण्याची कारणे आपल्याला पाठ आहेत. तयार झालेला स्थानिक मुलगा सरकारी नोकरीची ऑर्डर हाती पडली की दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्यात त्याला दोष देण्याचे मला धाडस नाही. त्याच्या जागी कर्नाटक, ओडिशा किंवा झारखंडमधून आलेला मुलगा येतो. सूचनांचा फलक इंग्रजीत, सुपरवायझर कोकणी-मराठीत बोलणारा आणि मुलाची भाषा तिसरीच. त्याला काही खटकले तरी ते सांगायला त्याच्याजवळ ना शब्द असतात ना धीर. आम्ही फलक काढून त्या जागी खऱ्या वस्तू ठेवल्या आहेत, बरोबर कापलेली बी, चुकीची कापलेली बी आणि दोन्हींचे निघालेले गर, एका ओळीत. यासाठी भाषांतरकार लागत नाही.

शिकायला रिकामा तास लागतो, आणि तो पैशाने येतो, हेही नोंदवले पाहिजे. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, आणि आता आयकर कायद्यानेही मुदतीत पैसे न देणाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. तरी ज्याचा माल उचलून तीन महिने झाले आणि पैसा आला नाही, तो मालक वसुलीच्या फोनवर असतो, पोत्यांवर नाही. त्याला शिकणाऱ्या संस्थेविषयी व्याख्यान देऊ नये.

माझ्या सूचना फार मोठ्या नाहीत. यंत्रावर मिळणाऱ्या अनुदानातला एक भाग ते यंत्र चालवणाऱ्या दोन माणसांच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा आणि तो त्यांनी प्रत्यक्ष काय बदलले हे दाखवल्यावरच द्यावा. केंद्राची झेड (निर्दोष उत्पादनाची) प्रमाणपत्र योजना आणि लीन (कामातली नासाडी कमी करण्याची) योजना चांगल्या आहेत, सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के सवलतही आहे, पण पाहणीस येणाऱ्याने कार्यालयातल्या फायलींआधी शेडमधल्या सर्वांत जुन्या कामगाराशी बोलावे. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर आहे, मात्र चार ते एकोणतीस माणसांच्या उद्योगालाही स्वेच्छेने शिकाऊ घेता येतो. हे आमच्यासारख्या बऱ्याच जणांना कोणी सांगितलेले नाही. तो शिकाऊ मुलगा मावशींसारख्या माणसांच्या हाताखाली बसवला आणि त्याचे काम ‘जे दिसते ते लिहून काढणे’ एवढेच ठेवले, तरी त्याचे विद्यावेतन वसूल होईल. साखळीच्या व्यवस्थापन संस्थेतील आणि फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी प्रश्नावली पाठवण्यापेक्षा एका शेडमध्ये एक पावसाळा काढावा. आणि प्रत्येक वसाहतीतल्या संघटनेने महिन्यातून एकदा, वीज-रस्त्याचा विषय अजिबात न काढता, एकाच प्रश्नावर बसावे की या महिन्यात कोणाचे काय बिघडले आणि त्याने काय करून पाहिले. पहिल्या दोन-तीन बैठकांत कोणी बोलणार नाही याची मला खात्री आहे. म्हणून सुरुवात मी करायला तयार आहे, सालीच्या पोत्यांची हकीकत माझ्याजवळ तयार आहेच.

आमची वही मराठीत आहे, अक्षर माझे असल्यामुळे थोडे कष्ट पडतील. जून ते सप्टेंबरमधल्या कोणत्याही शनिवारी दुपारनंतर ती कोणालाही, अगदी काजूवाल्यालाही, पाहता येईल. मार्च ते मे या दिवसांत मात्र येऊ नये, तेव्हा बी घेण्याची घाई असते आणि आमच्याकडे बसायला जागाही नसते.

आपला,
एक काजू कारखानदार,
वाळपई, सत्तरी